तिसरा ठोका

खोटं वाटतंय ना? वाटू दे. माझं इथं येणाऱ्या कुणालाच खरं वाटत नाही. लोक गाडीतून उतरतात, या दगडावर हात फिरवतात आणि विचारतात, "मावशी, दगडाला गालाचा खळगा कसा पडेल? छिन्नीनं केला असेल कुणीतरी." छिन्नी नाही लागली याला. माणसांचे गाल लागलेत, पिढ्यान् पिढ्या. मी चौथीपर्यंतच शिकले, पण दगड कशानं झिजतो ते मला कळतं. चपला काढा, त्या लिंबाखाली बसा. आणि मोबाइलवरचं ते गाणं आधी बंद करा.

या दगडालगत पूर्वी विहीर होती. म्हणजे होणार होती. आमच्या निंबखोरीला प्यायला पाणी नव्हतं. बाया टेकडी ओलांडून घागरी आणत. मग सिदोबा पाणाड्यानं ही जागा दाखवली. जमिनीला कान लावून तो खालचं पाणी ऐकायचा, असं सांगतात. त्याच्या कानावर सगळ्या मुलखाचा भरवसा. विहीर खणायला वडार आले, त्यांत तिमा आणि त्याची बायको यल्लू. तिमा खाली पहारीनं खडक फोडायचा, यल्लू वर दोर धरून उभी. खालचं बोलणं वर नीट येत नसे, म्हणून त्यांची खूण ठरलेली. पहारीचे दोन ठोके लागोपाठ, मग जरा थांबून एक. म्हणजे, मला वर ओढा.

एका सकाळी विहिरीची एक बाजू खचली आणि तिमा खाली गाडला गेला.

बाकीचे वडार म्हणाले, "वहिनी, तो जिवंत असेल तर आम्ही उतरतो. पण मेलेल्यासाठी उतरलो आणि वरची दरड आमच्या अंगावर आली, तर आमची पोरं कुणी सांभाळायची?" त्यांचंही खोटं नव्हतं. यल्लूनं काठावरच्या या दगडाला कान लावला. आणि तिला ऐकू आलं म्हणे. दोन, मग एक.

"हाय! जिता हाय!" ती ओरडली. वडार धावले, वाकले, आणि कान लावणार तेवढ्यात केरबाच्या अंगणात ढोल-ताशे सुरू झाले.

केरबा काही वाईट माणूस नव्हता. बायको नवस करकरून थकली, तेव्हा कुठं त्याच्या घरात पाळणा हलला. त्या दिवशी पोराचं बारसं. आजूबाजूच्या गावांतले सगळे ढोल त्यानं बोलावले होते. अंगण इथून हाकेवर. ढोल वाजला की ही सगळी जमीन धडधडायची. वडारांनी कान लावले, पण त्यांना ढोलाशिवाय काही कळेना.

यल्लू मातीच्या हातांनी तशीच केरबाच्या अंगणात गेली. "मालक, ढोल थांबवा. एक विडा चघळून होईपर्यंत. तेवढंच."

"माझं अंगण, माझं पोर," केरबा म्हणाला. "इतक्या वर्षांनी माझ्या दारात आनंद आलाय. मी काय तुझ्या कानात येऊन वाजवतोय?"

"तुमचा ढोल तुमच्या अंगणात राहत नाही, मालक. तो माझ्या नवऱ्याच्या उरावर बसलाय."

पंगतीतून कुणीतरी हसलं. "आज हिच्यासाठी थांबवा, उद्या कुणाची म्हैस व्याली म्हणून थांबवा!" बायका म्हणाल्या, दुःखानं येडी झाली बिचारी, गूळपाणी द्या तिला.

तरी केरबाचं मन जरा हललं, असं सांगतात. तो म्हणाला, "सिदोबाला ऐकू दे. खाली ठोका आहे असं तो म्हणाला, तर ढोल बंद." सिदोबा पंगतीत पहिल्याच पाटावर होता, डोक्याला केरबानं बांधलेला नवा फेटा. तो इथं आला, गुडघे टेकले, फेटा सावरला आणि दगडाला कान लावला. बराच वेळ. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. यल्लू त्याच्या हाताकडं बघत होती. मग तो उठला, गुडघ्याची माती झटकली. केरबाला कुठलं उत्तर हवंय ते केरबाच्या तोंडावरच दिसत होतं.

"ढोलच घुमतोय," सिदोबा म्हणाला. "खाली कुणी नाही. चालू द्या."

चालू दिलं.

यल्लू दगडाला गाल लावून पडून राहिली. कुणी उठवायला गेलं तर चावायला धावायची. उन्हं कलली, वाजवणाऱ्यांचे हात दुखले, तेव्हा ढोल थांबले. सगळं एकदम गप्प झालं. आणि तेव्हा कान न लावताही, भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आलं. एक ठोका. दुसरा ठोका.

तिसऱ्यासाठी सगळे थांबले. तिसरा आला नाही.

वडार उतरले, हातांनी माती उपसली. तिमा एका कपारीत बसलेला सापडला, दोन्ही हातांत पहार तशीच धरलेली. अंग अजून गरम होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी गाव इथंच जमलं. ढोलवाले म्हणाले, वाजवा म्हटलं, आम्ही वाजवलं. केरबानं पागोटं काढून यल्लूच्या पायाशी ठेवलं. "माझ्यामुळं गेला, बाई." यल्लू पागोट्याला वळसा घालून पुढं गेली. तिनं सिदोबाचा हात धरला, त्याला ओढत दगडापाशी आणलं आणि त्याचं बोट दगडावर टेकवलं.

"वाजव," ती म्हणाली. "काल कान लावून बसला होतास, तेव्हा हे बोट वाजवत होतं. ढोल येगळा चालला होता, तुझं बोट येगळं. दोन, मग एक. मी बघितलं."

सिदोबानं दोन ठोके दिले. तिसरा त्याला मारवेना. "भरली पंगत मोडायला माझी जीभ रेटली नाही," एवढंच तो बोलला.

विहिरीला पाणी लागलं म्हणे, पण ते कुणी तोंडाला लावलं नाही. गावानं ती बुजवली. आणि केरबानं, ज्याच्या दारात ढोल वाजला त्यानंच, गावाला नेम घालून दिला.

आजही निंबखोरीत कुणीही ढोल वाजवावा, डीजे आणावा, आमची ना नाही. पण कुणीही हात वर केला, मग ते शेंबडं पोर असो की परगावची भिकारीण, तर वाजवणं बंद. का म्हणून विचारायचं नाही. एक विडा चघळून होईपर्यंत गप्प राहायचं, मग पुन्हा खुशाल वाजवायचं. परवा एका वरातीतली पोरं माझ्याशी भांडली. "आमचा स्पीकर, आमची मर्जी, तुम्ही कोण?" मी वर केलेला हात खाली घेतलाच नाही. हात भरून आला. शेवटी नवरीच गाडीतून उतरली आणि तिनं बंद करायला लावलं.

आजही वरात इथं आली की लग्नघरातलं एक माणूस दगडाला गाल लावतं आणि बोटानं दोन ठोके देतं. तिसरा कुणी देत नाही. मग वऱ्हाडातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "कुणी ऐकलं होतं?"

आणि नवरा-नवरी, वाजवणारे, पोरंसोरं, सगळे एका आवाजात सांगतात, "सिदोबानं."