नाकाडीचं पाणी कुणी नेलं?

एक होती चिचुंद्री. तिचं नाव नाकाडी. नाक केवढं? आधी नाक यायचं, मग नाकाडी यायची. त्या नाकानं ती सगळं हुंगायची. हुंग हुंग. भाकरीचा तुकडा हुंग हुंग. साधा दगड, तोही हुंग हुंग. हुंगल्याशिवाय विश्वास म्हणून ठेवायची नाही.

नाकाडीला चार पिल्लं. पहिलं धरायचं आईची शेपटी. दुसरं धरायचं पहिल्याची. तिसरं धरायचं दुसऱ्याची. आणि सगळ्यात धाकटी पिटकी धरायची तिसऱ्याची. अशी निघायची त्यांची वरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

द्वारकाकाकूच्या पडवीत एक माठ होता. माठ ठिबकायचा. टिप. टिप. नाकाडी ते पाणी करवंटीत धरायची. करवंटी अंगणात ठेवायची. पिल्लं तेच पाणी प्यायची.

एक दिवस बघते तर काय, करवंटी कोरडी. एक थेंब नाही. खाली ओल नाही. सांडलं म्हणावं, तर खूण नाही. पाण्याला काय पाय असतात?

नाकाडी म्हणाली, "मला संशय येतोय."

तिनं कोंबडीची चोच हुंगली. कोरडी. कावळ्याची चोच हुंगली. तीही कोरडी. कावळा रागावून उडून गेला.

अंगणाच्या कडेला एक डबकं होतं. हिरवं हिरवं. वर बुळबुळीत साय. म्हैस त्यातच बसायची. डबकं गोड गोड आवाजात म्हणालं, "या ना बाळांनो. पाणी इथं आहे."

पिल्लांनी विचारलं, "आई, डबक्याचं पिऊ?"

"नको. मला संशय येतोय."

येणारच. मागं पिटकीनं ते पाणी प्यायलं होतं. तीन दिवस पोट धरून पडली होती बिचारी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चिचुंद्रीचंही तसंच. पण पिल्लांचे घसे सुकले होते. पाणी तर हवंच होतं. नाकाडी म्हणाली, धरा शेपट्या.

तुरुतुरु, तुरुतुरु. नाकाडी गेली माठाकडे. हुंग हुंग.

"माठा, माठा, करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

माठ म्हणाला, "नाही देत. काकू भरेल, तर मी देईन."

यानंच सगळं प्यायलं असेल का? नाकाडीनं आत नाक घातलं. आत नुसती हवा.

तुरुतुरु, तुरुतुरु. नाकाडी गेली काकूकडे. काकू रिकामा हंडा मांडीवर घेऊन बसली होती. हंडा हुंग हुंग.

"काकू, काकू, माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

काकू म्हणाली, "नाही देत, बाई. विहीर भरेल, तर मी देईन."

"आई, डबक्याचं पिऊ?"

"नको. मला संशय येतोय."

तुरुतुरु, तुरुतुरु. नाकाडी गेली विहिरीकडे. वाकून हुंग हुंग. पिल्लांनी मागून शेपटी घट्ट धरली.

"विहिरी, विहिरी, काकू बसली. माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

विहीर म्हणाली, "नाही देत. झरा येईल, तर मी देईन."

तळाला खरंच नुसता चिखल होता.

तुरुतुरु, तुरुतुरु. नाकाडी गेली झऱ्याकडे. झरा दगडाखाली निजला होता. हुंग हुंग.

"झऱ्या, झऱ्या, विहीर आटली. काकू बसली. माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

झरा झोपेतच म्हणाला, "नाही देत. डोंगर सोडेल, तर मी देईन."

"आई, डबक्याचं पिऊ?"

"नको. मला संशय येतोय."

तुरुतुरु, तुरुतुरु. नाकाडी गेली डोंगराकडे. हुंग हुंग. केवढा तो डोंगर. हुंगता हुंगता नाक दुखलं.

"डोंगरा, डोंगरा, झरा निजला. विहीर आटली. काकू बसली. माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

डोंगर म्हणाला, "नाही देत. ढग बरसेल, तर मी देईन." त्याच्या पोटात पाणी मुरतं म्हणे, आणि तेच तो हळूहळू खाली सोडतो. आता पोटात काहीच उरलं नव्हतं.

चढा आता. तुरु... तुरु. तुरु... तुरु. पिटकीला धाप लागली. अगदी टोकावर एक ढग बसला होता. एवढुस्सा, आंब्याच्या कोयीएवढा. हुंग हुंग.

"ढगा, ढगा, डोंगर तापला. झरा निजला. विहीर आटली. काकू बसली. माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

ढग म्हणाला, "नाही देत. सूर्य वाफ देईल, तर मी देईन."

वाफ म्हणजे काय, असं नाकाडीनं विचारलं. ढगानं सांगितलं, पाणी तापलं की त्याची वाफ होते. हवेत मिसळते. दिसत नाही. गुपचूप वर येते.

दिसत नाही? गुपचूप? नाकाडीचं नाक थरथरलं. आता तिला फार म्हणजे फारच संशय आला.

तिनं मान वर केली.

"सूर्या, सूर्या, ढग हलका. डोंगर तापला. झरा निजला. विहीर आटली. काकू बसली. माठ रिकामा. करवंटी कोरडी. पिल्लं तहानली. पाणी दे."

सूर्य ढगामागं लपायला लागला.

"सकाळी माझ्या अंगणात कोण आलं होतं?"

"मी."

"करवंटीत कोण डोकावलं?"

"मी."

"मग माझं पाणी कुणी नेलं?"

सूर्य लाल लाल झाला. म्हणाला, "मीच नेलं."

सापडला! मला तर पहिल्यापासून त्याच्यावरच संशय होता. तुम्हालाही होता ना?

सूर्य म्हणाला, मी पाणी पीत नाही गं. वर नेतो, ढगाला देतो. ढग खाली देतो. नेलेलं पाणी परत येतं. पण तुझ्या घोटभर पाण्यानं ढग कसा भरेल? थांब, समुद्रातनं आणखी आणतो.

"समुद्रातनं? माझ्या पिल्लांना खारट पाणी पाजतोस?"

"मी पाणी तेवढं उचलतो. मीठ खालीच राहतं. चिखलही खालीच राहतो."

बघू, म्हणाली नाकाडी. म्हणजे तिला ते काही पटलं नव्हतं.

मग सूर्य तापला. समुद्राची वाफ झाली. वाफ वर गेली. वर होता गारवा. गारव्यात वाफेचे झाले थेंब. थेंबांनी ढग भरला. ढग बरसला, टपटप टपटप. डोंगर भिजला. झरा जागा झाला, झुळुझुळु. विहीर भरली, डुबुक डुबुक. काकू उठली. तिनं फडक्याच्या चार घड्या केल्या, हंड्याच्या तोंडाला बांधल्या. रहाट फिरवला, कुई कुई. काड्या फडक्यावर राहिल्या. पाणी हंड्यात उतरलं. छान निवळ. काकू हंडा घेऊन माठाकडे निघाली. तोवर नाकाडीची वरातही डोंगर उतरून अंगणात आली होती.

पिल्लांनी शेपट्या सोडल्या. पाणी, पाणी करत धावली.

नाकाडी मध्ये आडवी झाली. "थांबा. मला संशय येतोय."

काकू वैतागली. "अगं, गाळलंय की मी. हंड्याचा तळ दिसतोय बघ. आता कसला संशय?"

"पावसाचं पाणी विहिरीत वाहत आलं, ते कुठून आलं?"

काकूनं मागं वळून पाहिलं. पावसाचं पाणी गोठ्यातून आलं होतं. शेणातून आलं होतं. डबक्यातून आलं होतं. विहिरीला कठडा नव्हता. ते सरळ विहिरीत गेलं होतं.

"अगंबाई," काकू म्हणाली. तिनं हंडा खाली ठेवला.

काडी फडक्यात अडकते. पान अडकतं. पण पोट दुखवणारे जंतू फार बारीक. ते फडक्यात अडकत नाहीत. ते तुम्हाला दिसतात? मला नाही दिसत. नाकाडीला पण नाही दिसत. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

काकूनं चूल पेटवली. पातेलं वर ठेवलं. गुड गुड. गुड गुड.

पिटकी रडवेली झाली. "आई, आता पिऊ?"

"नको."

पाणी उकळलं. खदखद, खदखद. काकूनं ते आणखी खदखदू दिलं.

"आई, आता?"

"नको. भाजेल."

किती वाट बघायची. पिटकीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. नाकाडीलाही रडू आलं. पण ती हलली नाही.

पाणी निवलं. काकूनं माठ भरला. माठातलं पाणी एका बशीत ओतलं. बशी खाली ठेवली.

नाकाडीनं हुंगलं. हुंग हुंग. मग दुसऱ्या बाजूनं हुंगलं. हुंग हुंग. पिल्लं आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"प्या," नाकाडी म्हणाली.

लप लप. लप लप. पिटकी तर बशीतच जाऊन बसली. पोट टम्म झालं, पण दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूनं विहिरीभोवती दगडमातीचा बांध घातला. घामाघूम झाली. घरात आली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं. तांब्या तोंडाशी नेला आणि थांबली. मग खाली वाकली.

"नाकाडे," काकू म्हणाली, "एकदा हुंग गं."

नाकाडीनं हुंगलं. मग काकू प्याली, घटाघटा.

पाणी वर गेलं, पाणी खाली आलं, गोष्ट आपल्या पोटात गेली.