अडीनडीची पेटी

शके एकोणीसशे वीसचा माघ महिना होता. आंबा मोहरला होता आणि थंडी अजून गेली नव्हती. त्या दिवसांत एकदा एक तरुण समुद्रकाठच्या एका गावात एका वृद्धाकडे आला आणि म्हणाला, "मला पाहुणे ठेवायला शिकवा."

तरुणाचे नाव सुदाम पेवेकर. त्याने नारळीच्या वाडीत तीन खोल्या बांधल्या होत्या. शहरातले लोक सुटीला येतात, खोली भाड्याने घेतात, मासे खातात आणि जातात, एवढे त्याला ठाऊक होते. वृद्ध म्हणजे अंतूतात्या. त्यांनी जन्मभर आपल्या पडवीच्या खोलीत प्रवासी ठेवले. त्यांच्याकडे एकदा उतरलेला माणूस पुढच्या खेपेला दुसरीकडे उतरत नसे. कारण विचारले तर तात्या सांगत नसत. ते मुळात कमी बोलत.

तात्या म्हणाले, "जेवण, पाणी, अंथरूण कोणीही देतो. माणूस घरून काय विसरून येतो, ते ठेव. वेळप्रसंगाला लागेल ते ठेव. आणि त्याला मागायला लावू नकोस."

सुदाम मन लावून कामाला लागला. तालुक्याला जाऊन त्याने सामान आणले. बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी, सुईदोरा, पिना, नाड्या, साबण, कंगवा, जखमेच्या पट्ट्या, डोकेदुखीचे मलम, ओवा. प्रत्येक खोलीत काचेच्या दाराची एक पेटी भिंतीला ठोकली आणि सगळे तिच्यात मांडले. दुकानातून आले तसे, वेष्टनासकट. वर तांबड्या रंगात लिहिले, 'अडीनडीची पेटी'. कुलूप लावले नाही. याचा त्याला अभिमान होता.

काही दिवसांनी तात्या बघायला आले.

"काय काय लागलं पाहुण्यांना?"

"काहीच नाही, तात्या. वीज गेली होती. एका बाईंचं बोट कापलं. तरी पेटी जशीच्या तशी. लोक फार चांगले येतात."

"बोटाला काय बांधलं?"

"त्यांचाच रुमाल असेल."

"आणि अंधारात काय केलं?"

"बसले होते. गाणी म्हणत होते."

तात्या "हूं" म्हणाले आणि निघून गेले.

त्याच सुमारास गावातल्या बाबाजी सुर्व्यांच्या मुलीचे लग्न कऱ्हाडकडच्या एका घरात ठरले. साखरपुड्याला मुलाकडची मंडळी यायची होती. त्यांना उतरवायचे कुठे, हा प्रश्न आला, तेव्हा तात्यांनी सुदामचे नाव सांगितले. बाबाजी सुदामला म्हणाले, "तात्यांच्या शब्दावर देतोय. माझ्या पोरीचं काम आहे. नीट झालं तर वैशाखात लग्नाचं सगळं वऱ्हाड तुझ्याकडे. पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली तर मात्र मला तोंड दाखवू नकोस."

साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे पोचण्याआधी तात्या वाडीत आले. मुलाच्या वडिलांसाठी ठेवलेल्या खोलीत सरळ गेले आणि पेटी उघडली. काडेपेटी फोडली, एक काडी ओढली आणि फुंकून टाकली. मेणबत्ती पेटवून बोटभर जळू दिली. साबण भिजवून ठेवला. मलमाच्या डबीत बोट घातले आणि ते आपल्या कपाळाला पुसले. पिनांच्या पुठ्ठ्यावरची एक पिन काढून सदऱ्याला लावली. नाड्यांची पुडी फाडून त्यातली एक नाडी खिशात घातली.

सुदाम दारात उभा होता.

"तात्या, सगळं उष्टं करताय तुम्ही."

"हो."

"पाहुण्याला उष्टं द्यायचं? तेही मुलाच्या बापाला?"

"ताटात नाही द्यायचं. इथे द्यायचं."

एवढे बोलून तात्या गेले. सुदाम विचारात पडला. पाहुण्यासमोर आपण तोंड लावलेला पेलासुद्धा ठेवायचा नाही, अशा घरात तो वाढला होता. त्याने ठरवले की तात्यांचे वय झाले. वापरलेले सगळे त्याने बायकोकडे चुलीपाशी दिले आणि पेटीत पुन्हा नवे कोरे सामान मांडले. काच पुसली.

पाहुणे आले. जेवले. मुलाचे वडील यशवंतराव डुबल जरा आडवे झाले. बाकीची मंडळी जीप घेऊन पुढे सुर्व्यांच्या घरी गेली. यशवंतराव मागून चालत येणार होते, घर दोन वाड्यांपलीकडेच होते. सुदामही मदतीला तिकडे गेला.

चारचा मुहूर्त. चार वाजले, यशवंतराव आले नाहीत.

बाबाजींनी माणूस पाठवला. माणूस परत आला. "दार लावून बसलेत. येत नाही म्हणतात."

मुलाचा बाप साखरपुड्याला येत नाही याचा अर्थ सगळ्या गावाला एकच कळतो. पाहुणे रुसले. का रुसले, यावर मांडवात लगेच मते पडली. कोणी म्हणाले, पानसुपारी उशिरा दिली. कोणी म्हणाले, सोलकढी तिखट होती. बाबाजी स्वतः धावले.

"पाहुणे, आमचं काही चुकलं का?"

आतून आवाज आला, "काय न्हाई. बसलोय जरा."

"मानपान राहिला का कुणाचा?"

"न्हाई म्हणलं न्हवं. जावा तुमी."

'जावा' ऐकून बाबाजी दारापासून मागे सरले. मग मुलीचे मामा शाल आणि नारळ घेऊन आले. दाराला हात जोडून म्हणाले, "चूक पोटात घाला." दार उघडेना, तेव्हा मामांनी आवाज खाली आणून अंगठीचे वजन वाढवायची तयारी दाखवली.

"नगं. काय नगं मला," आतला आवाज आता चिडला होता. "शाल न्या, नारळ न्या, तुमी बी जावा."

तिकडे मुलीने आईला विचारले, साडी बदलू का. आई पदर डोळ्यांना लावून बसली. मुलाकडचे म्हणाले, ते चिडले की आम्ही जवळ जात नाही. भटजी घड्याळ बघू लागले. बाबाजींनी सुदामकडे पाहिले. सुदामला वैशाखही दिसेना आणि गावात तोंड दाखवायला जागाही दिसेना. तो धावत अंतूतात्यांकडे गेला.

तात्या काठी टेकत आले. बाबाजींना आणि मामांना त्यांनी विहिरीपलीकडे उभे राहायला सांगितले. मग दाराशी गेले.

"पाहुणे, रागावलाय का?"

"न्हाई."

"दुखतंय का काही?"

"न्हाई."

"धोतर नेसता की लेंगा घालता?"

आतून एकदा खाकरल्याचा आवाज आला.

"लेंगा."

"एका हाताने कडी निघेल?"

"निघंल."

तात्या आणि सुदाम आत गेले. यशवंतराव खोलीच्या मध्यभागी उभे होते. डोक्याला फेटा, अंगात काळा कोट, आणि एक मूठ कमरेशी घट्ट. खाटेवर तुटलेल्या नाडीचे दोन तुकडे पडले होते. कपड्यांची पिशवी जीपमध्ये राहिली होती आणि जीप मुलीच्या दारात होती. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पेटीत नाड्यांची नवी कोरी पुडी होती.

"अहो दादा, ही काय समोर," सुदाम म्हणाला. "घ्यायची की."

"दिसली मला. मघापास्नं तिच्याकडंच बघतोय." यशवंतराव लाल झाले होते. "पर फोडू कशी? लोकाच्या घरातली कोरी चीज. उद्या गाव म्हणंल, पोराचा बाप आला आन् आधी कपाट फोडलं."

"मग मागायची."

"कुणाकडं? बाहेर तुमची मालकीण. बाईमाणसाकडं नाडी मागू?"

"मामा आले होते की."

"नवरीच्या मामाकडं?" यशवंतराव म्हणाले. "त्यापरीस सोयरीक मोडली तरी चालंल."

तात्यांनी पुडी उचलली आणि फाडली. एक नाडी काढून आपल्या काठीला गुंडाळली. उरलेली पुडी यशवंतरावांपुढे धरली.

"आता फुटलेली आहे."

"मग द्या," यशवंतराव म्हणाले.

नाडी ओवायला पिन हवी. पिनांचा पुठ्ठाही वेष्टनात होता. तो सुदामने फाडला. यशवंतराव फेट्या-कोटासकट चादर गुंडाळून खाटेवर बसले आणि सुदाम जमिनीवर बसून लेंग्यात नाडी ओवू लागला. पिन मध्येच अडकली. यशवंतराव वरून सांगत होते, "जरा मागं घ्या. आता म्होरं. गाठ न्हाई मारली का शेवटाला?" तात्या खिडकीतून समुद्र बघत होते.

भटजी समजूतदार होते. त्यांनी पंचांग चाळून पुढचा मुहूर्त काढला आणि तो आधीच्यापेक्षा चांगला असल्याचे सांगितले. यशवंतराव ताठ मानेने मांडवात आले. कुंकू लागले, साखर वाटली गेली. ते का रुसले होते हे गावाला कळले नाही, आणि इतक्या झटकन रुसवा कसा गेला हेही कळले नाही. अंगठीचे वजन मात्र तेच राहिले, म्हणून मामांना बरे वाटले.

परतताना सुदाम तात्यांबरोबर चालत होता. वाटेत म्हणाला, "मी तुम्ही वापरलेलं काढून टाकलं होतं."

"दिसलं मला."

"पाहुण्याला कोरं द्यावं, असं मला वाटलं."

तात्या थांबले. "तू मान ठेवायला कोरं दिलंस. त्याने मान ठेवायला ते कोरंच राहू दिलं. दोघेही सभ्य. तुमच्या सभ्यपणात एका पोरीचं लग्न मोडत होतं. अरे, अडलेला माणूस आधीच लाजलेला असतो. पुडी फुटलेली दिसली, मेणबत्ती जळलेली दिसली, की त्याला कळतं, आपल्याआधीही कोणी अडलं होतं आणि इथल्यांनी नाक मुरडलं नव्हतं. मग तो हात घालतो. वस्तू देणं सोपं आहे. पहिला हात घरच्याने लावायचा असतो."

सुदामने त्याच संध्याकाळी उरलेल्या खोल्यांतल्या पेट्या उघडल्या. काड्या ओढल्या, साबण भिजवले, मलमाला बोट लावले. बायको दारातून म्हणाली, "डोकं दुखतंय का?" तो म्हणाला, "नाही. आता पाहुण्यांचं दुखलं तर चालेल."

दुसऱ्या दिवशी मंडळी निघाली. यशवंतराव सगळ्यात शेवटी खोलीतून बाहेर आले, सुदामला रामराम केला आणि जीपमध्ये पुढे बसले. नाडीचा विषय त्यांनी काढला नाही. सुदामनेही काढला नाही.

जीप गेल्यावर सुदाम खोली झाडायला आत गेला. पेटीत, नाड्यांच्या फाटक्या पुडीशेजारी, गुडघ्याला चोळायच्या तेलाची एक बाटली ठेवलेली होती. झाकण तेलकट होते आणि तेल निम्म्यावर आले होते.