सव्वा किलो, अकरा तास

“बुवा, अकरा तास चालणारा घेऊ, की सव्वा किलोचा?”

मठाच्या ओसरीवर चपला काढता काढताच हेरंबने विचारलं. नमस्कार नंतर केला.

गंगाधरबुवा सुपारी कातरत होते. “काय घेतोयस?”

“लॅपटॉप. तोच तो.”

तोच तो. बुवांच्या गुरूंची पदं कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त बुवांच्या तोंडी उरली होती आणि बुवा थकत चालले होते. लॅपटॉप घेऊन सगळी उतरवतो, असा शब्द हेरंबने पाडव्याला दिला होता. आता दसरा तोंडावर आला.

“वही चालेल की रे.”

“वहीला वाळवी लागते, बुवा. करायचं तर नीट.”

“मग अडलं कुठे?”

“लहान घ्यावा तर बॅटरी चार तासांत मान टाकते. बॅटरी बघावी तर पाट्याएवढं धूड, ते घेऊन हा डोंगर कोण चढणार? इथे तुमची वीज येते पाहुण्यासारखी. अकरा तास आणि सव्वा किलो, दोन्ही एकात आहे, पण...”

“पण?”

“पंच्याण्णव हजार.”

बुवांनी डोळे मिटले. “अकरा तास, सव्वा किलो, पंच्याण्णव हजार,” असं तीनदा पुटपुटले. या मठाची ही जुनी रीत. ऐकलेलं तीनदा ओठांवर घोळवायचं, म्हणजे ते जात नाही. पदंही अशीच टिकली होती.

हेरंब मनातून चिडला. सल्ला मागावा तर हे जप करत बसतात.

पुढच्या गुरुवारी तो नवं मॉडेल घेऊन आला, म्हणजे तोंडी. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक. दिवाळीत सूट मिळेल म्हणून थांबला. सूट मिळाली, तेव्हा नवं मॉडेल येणार असं कळलं म्हणून थांबला. शहाण्या माणसाला स्वतःचा वीट यावा, तसा त्याला आला होता. तरी थांबला. बुवा दर वेळी डोळे मिटायचे आणि तीनदा पुटपुटायचे.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तो धापा टाकत वर आला आणि मांडीवर लॅपटॉप उघडून बसला.

“घेतला एकदाचा. सांगा, बुवा. पहिलं पद.”

बुवांनी टाळ उचलले. डोळे मिटले. ओठ हलले...

काहीच आलं नाही.

“बुवा?”

“थांब...”



मग बुवांनी ताल धरला आणि पदाच्या त्याच जुन्या चालीत, कुठेही न अडखळता, म्हटलं, “अकरा तास, सव्वा किलो, पंच्याण्णव हजार... नऊ तास, दीड किलो, बासष्ट हजार...”

“हे नको, बुवा. पद सांगा. पद...”

बुवांनी टाळ खाली ठेवले.

“तोंडात आता हेच येतंय. लिहून घे, नाहीतर हेही जाईल.”