दोन पदरांचा दोर

“महिन्यातला पहिला दोर विकायचा नाही, बाळा. ज्याच्या घरी दोर नाही त्याला द्यायचा. मग आपल्या पोटाचं बघायचं.”

आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी केकताड बडवायला बसलं की शांतवनच्या कानात तिचा हा आवाज यायचा. बांधावरचं केकताड, म्हणजे घायपात, कापायचं, भिजवायचं, बडवून त्याचा वाक, म्हणजे धागा, काढायचा आणि दोर वळायचे, हाच त्याचा धंदा.

त्या काळी बर्णबाबा प्रवरेकाठच्या बेलथडी गावी राहत असत. ख्रिस्ती देवळामागे एक खोली, अंगावर एक घोंगडी, आणि दारात कायम कोणीतरी आपलं दुःख घेऊन बसलेलं. बाबा आधी सगळं ऐकून घेत, मगच प्रार्थनेला गुडघे टेकत.

शांतवनचं लग्न नथानेल मुकादमांच्या तबिथाशी ठरलं होतं. रिवाजाप्रमाणे लागोपाठ तीन रविवार देवळात लग्नाचा पुकार व्हायचा. कोणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगायचं. दोन पुकार झाले आणि मुकादमांचं मन फिरलं. कालव्याच्या कामावर दोनशे माणसं त्यांच्या शब्दावर उठत-बसत, आणि जावई कोण, तर दोरवाला! भर अंगणात त्यांनी शांतवनला गाठलं.

“लग्न करून माझ्या पोरीला दोरावर वाळत घालणार का रे? शंभर रुपये आणून दाखव. नाहीतर तिसऱ्या पुकाराला मीच उभा राहतो की नाही बघ!”

शांतवन बाबांपुढे जाऊन बसला. “बाबा, शंभर सोडा, नवरीच्या लुगड्यापुरतेही नाहीत. त्यात पहिला दोर माळावरच्या हन्नाआजीला कबूल केलाय. विहिरीवर दोर नाही म्हणून म्हातारी ओढ्यावरून पाणी वाहते. म्हणजे माझी लग्नाची तयारीच नाही, असंच ना?”

बाबा म्हणाले, “तबिथाला आणि तिच्या आईला उद्या इथं बोलाव. तो दोर तुम्ही दोघं मिळून वळा. मग सांगतो.”

शनिवारी सकाळी तबिथा पीळ द्यायची फिरकी घेऊन बसली आणि शांतवन वाक सोडत मागं मागं सरू लागला. पहिल्यांदा तिचा हात फार जोरात चालला, पदराला नको तेवढा पीळ चढून गाठी पडल्या. शांतवन पावलं सावकाश टाकू लागला. मग तिचाही हात आपसूक सावकाश झाला. थोड्या वेळानं त्याच्या बोटातून रक्त आलं. त्यानं सांगायच्या आत तिनं फिरकी थांबवली.

“झाली तयारी,” बाबा हसून म्हणाले.

पण पक्क्या दोराला तीन पदर लागतात; दोन झाले आणि वाक संपला. आता केकताड उरलं होतं ते मुकादमांच्या बांधावर, आणि त्यांनी हात लावू दिला नाही. येता-जाता वर टोमणाही मारला, “दोन पदरांचा दोर शेळीला तरी पुरेल का? तिसरा पदर कोण, देवदूत येऊन वळणार वाटतं!”

“राहू द्या,” बाबा शांतपणे म्हणाले. “दोघांनी दोन वळले. तिसरा प्रभूकडे मागू.”

रविवारी सकाळी शांतवन तो दोन पदरांचाच दोर खांद्यावर टाकून देवळाकडे निघाला. उपासनेनंतर तसंच माळावर जायचं होतं. इतक्यात मुकादमांच्या मळ्यातून आरडाओरडा ऐकू आला. मुकादम नव्या विहिरीच्या काठावर उभे असताना काठच ढासळला होता. रहाट खाली गेला, शहरातून आणलेला जाडजूड दोरही खाली गेला, आणि मुकादम पाण्यात एका दगडाला धरून होते. तो दगडही हलत होता.

“दोर, कोणीतरी दोर आणा!” तबिथाची आई रडत होती.

शांतवननं आपला दोर खाली सोडला. तबिथानं त्याच्यामागं टोक धरलं. धावत आलेले बर्णबाबा तिथंच गुडघ्यांवर बसले. मुकादम म्हणजे काही हलकं माणूस नव्हे! पण दोर तुटला नाही, त्याचा पीळसुद्धा उकलला नाही. हातभर हातभर करत माणूस वर आला.

मुकादम धापा टाकत दोराकडे बघत राहिले. “हा नव्हे. मी धरला तो तीन पदरांचा होता.”

“मामा, एवढाच आहे,” शांतवन म्हणाला.

मुकादमांनी मूठ उघडली. तळहातावर वळ उठले होते. एक, दोन आणि तीन! काय बोलावी प्रभूची करणी! जमलेली माणसं जागच्या जागी गुडघ्यांवर आली.

त्या दिवशी तिसरा पुकार झाला. “कोणाची हरकत?” बाबांनी विचारलं. ओल्या धोतरानिशी मुकादम उभे राहिले. 

“हरकत माझ्या गर्वाची होती, बाबा. ती विहिरीत राहिली,” असं म्हणून ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी त्यांना अलगद धरलं आणि वेदीकडे वळवलं. “मला नको. तिकडं.” मुकादमांनी वेदीपुढे डोकं टेकवलं.

उपासना संपल्यावर लोक मुकादमांचा हात बघायला गोळा झाले. “तो दोर माझ्या घरात राहू दे,” मुकादम म्हणाले. “मागशील ते देतो.”

“मामा, तो आधीच दिलेला आहे.”

मुकादमांनी दोरावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “उद्या बांधावरचं केकताड घेऊन जा. लागेल तेवढं.”

तबिथानं दोराचं वेटोळं नीट करून शांतवनच्या खांद्यावर ठेवलं. ऊन चढायच्या आत, हन्नाआजी घागर घेऊन ओढ्याकडे निघायच्या आधी पोचायचं होतं. बाकी कोणाला न सांगता तो माळाच्या वाटेला लागला.