खुर्चीची उंची

घाटमाथ्यावरच्या गावात जत्रेचे फोटो काढणाऱ्या वैजयंता गुरवचा ड्रोन पोलीस ठाण्याच्या सबनीससाहेबांनी जप्त केला. "परवानगी एकशेवीस मीटरची, आणि फोटोच्या माहितीत उंची तेराशे ऐंशी! मला खुळा समजता काय, बाई?"

वैजयंताने साहेबांच्याच मोबाइलवर साहेबांचा फोटो काढला आणि त्याची माहिती उघडून दाखवली. उंची तेराशे मीटर.

"अहो, मी तर खुर्चीत बसलोय!"

"तेच म्हणते, साहेब. ही उंची समुद्रापासून मोजतात. त्यातून आपला डोंगर वजा करा, माझा ड्रोन ऐंशी मीटरवर येतो. तरी जप्ती करायचीच असेल, तर आधी तुमची खुर्ची जप्त करा. ती तेराशे मीटरवर विनापरवाना उडतेय!"

साहेबांनी ड्रोन परत दिला. उठताना मात्र पाय जमिनीला टेकलेत ना, हे त्यांनी हळूच पाहून घेतलं.