गोगलगाईची रोजची ओळ

प्राण्यांना लिहिता येत होतं, त्या काळातली गोष्ट. एका तळ्याकाठच्या मंडळींनी नेम केला की रोज सकाळी काळ्या खडकावर प्रत्येकानं आपल्या पायानं एक ओळ लिहायची. महिन्याभरात सगळ्यांचा उत्साह ओसरला. गोगलगाय तेवढी लिहीत राहिली.

"आज काय लिहिलंस?" बगळेराव विचारायचे.

"पाणी उंबराच्या मुळापर्यंत आहे. बाकी विशेष नाही."

"असलं कोण वाचणार? मी बुवा काही मोठं घडलं तरच लिहितो."

गोगलगाईला वाईट वाटायचं, पण ओळ चुकायची नाही.

एका उन्हाळ्यात तळं आटलं. पिल्लं तहानेनं कासावीस झाली. मागच्या दुष्काळात पाणी शेवटी कुठं उरलं होतं, ते कुणालाच आठवेना. सगळे खडकाकडे धावले. त्या दुष्काळाच्या वर्षी बगळेरावांच्या दोनच ओळी होत्या, एक लग्नाची आणि एक मोठ्या माशाची. गोगलगाईनं लिहिलं होतं, "केवड्यामागच्या खड्ड्यात अजून पाणी आहे. बाकी विशेष नाही."

पाणी तिथंच सापडलं.

दुसऱ्या दिवशी खडकापाशी रांग लागली. बगळेराव गोगलगाईच्या मागं उभे होते.

"ताई, आज तर काहीच घडलं नाही. काय लिहू?"

गोगलगाईनं शिंगं ताठ केली.

"तेच लिहा, बगळेराव. आणि उद्या परत या."