लावे पाळणाऱ्या सोमिलाचा घास

फार पूर्वी वेत्रवती नगरीवर राजा सुदर्भाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेर लावे पाळणाऱ्या एका कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. अंगणात बांबूची खुराडी होती. अंडी घरात शिजत, पक्षी नगरात खपत. बायको सामा, लहानगी मृगा आणि धाकटा भाऊ रोहक एवढा त्याचा संसार.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. लाव्यांनी अंडी घालणे थांबवले. दाणा पुरेना, म्हणून रोहकाने ओढ्याकाठच्या रानझुडपांचे काळे बी ओरबाडून आणले. पक्षी त्यावर चांगले पोसले. सामेने त्यातला एक लेकीसाठी शिजवला. संध्याकाळी मृगेचे पाय लुळे पडले. उजाडायच्या आत ती गेली.

"त्या बियांत विष असावे," सोमिल म्हणाला.

"दादा, पोरीला ताप होता!" रोहक ओरडला. "विष असते तर आधी लावे मेले नसते का? बघ, कसे ठणठणीत आहेत."

त्यातच ग्रामप्रमुखाकडे लग्न निघाले. त्याने सगळे लावे मागितले. बदल्यात वर्षभराचे धान्य मिळणार होते. रोहक टोपल्या भरू लागला.

"मी नको म्हटले तर तू माझ्या नकळत नेशील," सोमिल म्हणाला. "आणि कदाचित तुझेच खरे असेल. मी आधी एक खाऊन बघतो."

सामा त्याच्या आड आली. "अहो, पोर गेली. आता तुम्हीही?"

"सामे, त्या पंगतीत पोरेच पोरे असतील."

तिने चुलीला हात लावला नाही. त्यानेच जाळ केला, पक्षी शिजवला आणि शांतपणे खाल्ला. दिवस कलला तेव्हा तो उठायला गेला आणि कोसळला. जीव वाचला, पण पाय लुळे पडले. रोहकाने त्या पायांवर डोके टेकले. "ते बी मीच आणले, दादा. मीच."

ग्रामप्रमुखाचा माणूस शिव्या देत रिकाम्या हाताने परतला. त्या घरचे पुन्हा कोणी काही घेतले नाही.

बियांचे विष लाव्यांना बाधले नव्हते, पण त्यांच्या मांसात उतरले होते. तसेच सोडले असते, तर पारध्यांच्या फाशात सापडून कुणाच्या तरी पानात गेले असते. म्हणून विष उतरेपर्यंत सोमिलाने त्यांना घरातले चांगले धान्य घालायला लावले. दाणे टाकताना सामेला वाटे, एकेकाची मान मुरगळावी. ती उपाशीपोटी दाणे टाकत राही. पुढच्या पावसाळ्यात गवत वाढले, तेव्हा रोहकाने खुराडी उघडली. सामा बघायला बाहेर आली नाही. सोमिल जन्मभर पुन्हा उभा राहिला नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आज आपले आंबलेले अन्न ज्याने शेजाऱ्याच्या पात्रात सरकवले, तो भिक्षू त्या वेळी रोहक होता. ते पाहून जिच्या डोळ्यांत पाणी आले, ती वृद्ध भिक्षुणी सामा होती. सोमिल मीच होतो. जो घास आपल्या लेकराला देववत नाही, तो परक्याच्याही पानात वाढू नये. याला करुणा म्हणतात."